क्यूच्या पुढची पानं

इंग्रजीत जिला ‘लेडी’ म्हणतात ना, तिचा मूळ अर्थ कणीक मळणारी बाई. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका बाईंनी कपाळावर हातच मारून घेतला. “अगं बाई! म्हणजे गेली बावीस वर्षं मी लेडीच आहे की! आणि आमच्या ह्यांना वाटतं, ही घरी नुसती बसून असते.”

पंचवटीत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत मी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवायचे. दुपारी दोन ते चार. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि जो तो इंग्रजीच्या मागे लागला होता. खाली गिरणीचा पट्टा सुरू झाला की वर बाकं थरथरायची, मग आम्ही सगळ्याजणी ओरडून ओरडून ‘हाऊ आर यू’ म्हणायचो. त्यामुळे माझ्या विद्यार्थिनी अजूनही इंग्रजी जरा वरच्या पट्टीतच बोलतात. त्याला माझा इलाज नाही.

मी फटकळ. ते मान्य. पण त्याहून मोठी खोड म्हणजे मला ‘माहीत नाही’ म्हणता यायचं नाही. घशातच अडकायचं. नवरा म्हणायचा, “हिला रस्ता विचारा, चुकीचा सांगेल, पण सांगेल!” मी त्याच्यावर डाफरायचे, पण तो बोलायचा त्यात काही खोटं नव्हतं.

रविवार कारंजाजवळ फुटपाथवर एक जण जुनी पुस्तकं घेऊन बसायचा. त्याच्याकडे मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. रोजच्या वापरातले शब्द आले कुठून, त्याच्या गोष्टी. पुठ्ठा गायब, आणि मागचा तिसरा हिस्सा वाळवीने फस्त केलेला. पुस्तक ‘क्वारंटाइन’वर संपायचं. साथीच्या भीतीने जहाजं चाळीस दिवस बंदराबाहेर थांबवून ठेवायचे, त्या चाळिसावरून तो शब्द आला, एवढं कळायचं आणि पुढे नुसता भुसा. आरपासून झेडपर्यंतचे सगळे शब्द वाळवीच्या पोटात.

पण जेवढं उरलं होतं तेवढ्याने माझा वर्ग बदलून गेला. तोवर बायका इंग्रजी शब्दाकडे असं बघायच्या, जसा काही तो घरी आलेला पोलीसच. मी ठरवलं, व्याकरण गेलं चुलीत, आधी शब्दाचं माहेर दाखवायचं. ब्रेकफास्ट म्हणजे उपास सोडणं. “म्हणजे चतुर्थीला आम्ही चंद्र बघून मोदक खातो, तोही ब्रेकफास्टच?” एकीने विचारलं. तोही ब्रेकफास्टच! हजबंड म्हणजे घराचा धनी. अगदी आपला घरधनी. मसल म्हणजे छोटा उंदीर, कारण दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो. आपण त्याला बेटकुळी म्हणतो. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडकी दिसली. कँडिडेट म्हणजे पांढरे कपडे घातलेला, कारण रोममध्ये मतं मागायला माणसं पांढरेफेक झगे घालून फिरायची. हे ऐकल्यावर वर्ग पाच मिनिटं हसत होता. “म्हणजे तेव्हापासून हेच चाललंय!”

तर असं सगळं मजेत चाललेलं असताना एकीने विचारलं, “मॅडम, अंब्रेला कुठून आला हो?”

अंब्रेला. यू. वाळवी.

त्या क्षणी मी ‘बघून सांगते’ म्हणायला हवं होतं. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मी म्हणाले, “सोप्पं आहे. अंबर म्हणजे आकाश. आकाश अडवते ती अंब्रेला. आपलाच शब्द, इंग्रजांनी उचलला.”

टाळ्या पडल्या हो! बायकांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. आपल्या लोकांना ‘हे मुळात आपलंच’ असं सांगितलं की फार बरं वाटतं, आणि सांगणाऱ्याला त्याहून बरं वाटतं. त्या टाळ्यांची मला चटक लागली. मग काय, टेबल तबल्यावरून आलं, दोन्ही हातांनी बडवतात म्हणून. वेचून आणतात ती व्हेजिटेबल. दाराविना ती विनदार, तिचं झालं विंडो. एक शुगर तेवढा शर्करेवरून सांगितला तो खरा निघाला, तोही अंदाजपंचे. बाकी सगळं मी स्वतःच्या मनाने, छातीठोकपणे, डोळ्याला डोळा भिडवून ठोकत होते.

याच सुमारास ती वर्गात आली. मखमलाबादची. सासरची फुलशेती. पहाटे अंधारात फुलं तोडायची, उजाडायच्या आत सराफ बाजाराकडे फुलबाजारात न्यायची, घरी येऊन स्वयंपाक करायचा, आणि दुपारी उरलेल्या फुलांची टोपली घेऊन माझ्या वर्गात हजर. शेवटच्या बाकावर बसून हार ओवायची. बोटं कायम पिवळीजर्द. वर्गातल्या बायका तिला झेंडूवाली म्हणायच्या आणि तिला ते चालायचं.

पहिल्याच दिवशी मी तिला झापलं. “हा वर्ग आहे की देवळाची पायरी? ठेव ती टोपली खाली.”

“मॅडम, हात रिकामे राहिले तर झोप लागंल मला,” ती म्हणाली. “पहाटे तीनपासून उठलेली हे मी. हात चालू राहू द्या. कान तुमच्याकडंच हे.”

मला वाटलं, थापा मारतेय. पंधरा दिवसांनी मी तिला मुद्दाम उभं केलं, सांग आजचे शब्द. तिने हाराचं एक टोक धरलं आणि पहिल्या फुलापासून बोट सरकवत निघाली. एका फुलाला एक शब्द. ऑरेंज, नारंगीवरून. डेझी, दिवसाचा डोळा, कारण ते फूल सकाळी उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. नाइस, पूर्वी मूर्ख माणसाला म्हणायचे. एकही शब्द चुकला नाही, क्रमही चुकला नाही. मी एक शब्द सांगायचे, ती एक फूल ओवायची आणि ओठांतल्या ओठांत तो शब्द म्हणायची. घरी गेल्यावर तेच वहीत उतरवायची. संध्याकाळी हार विकला जायचा. म्हणजे माझी विनदार आणि माझी अंब्रेला त्या दिवसांत पंचवटीतल्या कितीतरी देवांच्या गळ्यात पडली असणार. देव क्षमा करोत.

ती आली होती एका कामासाठी. तिची मुलगी पावणेचार वर्षांची. तिला एका इंग्रजी शाळेत ज्युनिअर केजीला घालायचं होतं, आणि त्या शाळेत लेकरापेक्षा आईबापाचीच परीक्षा जास्त. पालकांची मुलाखत, तीही इंग्रजीतून. आदल्या वर्षी तिच्या चुलत जावेच्या मुलाचा प्रवेश तिथेच अडला होता, कारण आईबाप दोघंही गप्प बसून राहिले. घरात सासूचं म्हणणं, कशाला हवं ते, पोरगी थोडी मोठी झाली की फुलं तोडायला येईल, शाळा काय गल्लीत पण हे. नवरा बिचारा मधल्यामध्ये. त्याने एवढंच कबूल केलं होतं की एकदा प्रयत्न करू. झालं तर झालं, नाहीतर विषय बंद.

मला खरं तर तिचा हट्ट पटला नव्हता. मी तिला स्पष्ट सांगितलं, “मी मराठी शाळेत शिकले. माझं काय वाईट झालं?”

“तुम्ही शाळेत जाग्या होतात, मॅडम,” ती म्हणाली. “मी पहाटे फुलं तोडून जायची आणि बाकावर डोकं ठेवून झोपायची. दहावीला इंग्रजीत गेले. त्या शाळेची गाडी सकाळी सातला दारात येती. सातच्या गाडीसाठी पोरीला तयार करायचं म्हटलं की कुणाला तिला पहाटे शेतात नेता येणार नाय. बस, एवढंच.”

मी कंबर कसली. दोन महिने तिच्याकडून तयारी करून घेतली. वर्ग सुटल्यावर तिला अर्धा तास थांबवायचे. नाव सांग, गाव सांग, काम सांग, मुलीला काय आवडतं ते सांग. ती अडखळायची, पण थांबायची नाही. तिच्या नवऱ्याने ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘थँक यू’ एवढंच म्हणून गप्प बसायचं ठरलं. आणि मग माझ्या डोक्यात ती कल्पना आली. आली कसली, मीच आणली.

“हे बघ,” मी म्हटलं, “नाव-गाव सगळेच सांगतात. तू तिथे एका शब्दाची गोष्ट टाक. त्या प्राचार्या उडाल्याच पाहिजेत.”

“कुठल्या शब्दाची?”

“स्कूलचीच सांग की! त्या विचारणारच, आमच्या स्कूलमध्ये का घालताय. तेव्हा सांगायचं, स्कूल हा शब्द आमच्या शाळेवरूनच आला, इंग्रजांनी इथून नेला. शाळा, स्काळा, स्कूल.”

हे बोलताना माझ्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. तिने एक झेंडू उचलला, सुईत ओवला आणि पुटपुटली, “स्कूल.” मला तेव्हा काहीही वाटलं नाही. उलट आपण केवढं मोठं अस्त्र तिच्या हाती दिलं, म्हणून मी दिवसभर खुशीत होते.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी ती आली, ती वर्ग भरायच्या आधीच. टोपली नव्हती. हातात फक्त वही. लग्नातली असावी अशी साडी. बसली नाही.

“झाली का?” मी विचारलं.

“झाली. सगळं बरोबर चाललं होतं. नाव सांगितलं, काम सांगितलं. मग मी स्कूलची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, मॅडम. लय हसल्या. शेजारच्या टीचरबी हसल्या. मग म्हणाल्या, तो शब्द असा आलेला नाय. त्यांनी खरं काय ते सांगितलं. माझा मालक खाली मान घालून बसला होता, त्याला वाटलं मी काहीतरी वंगाळ बोलले.”

मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं. तिने वही माझ्यासमोर बाकावर ठेवली. आदळली नाही, ठेवली.

“तुम्हाला माहीत नव्हतं ना?”

“अगं, तसं नाही, म्हणजे काही विद्वानांचं मत असं आहे की—”

“मॅडम.”

खाली गिरणी बंद होती. नेमकी तेव्हाच बंद होती.

“नव्हतं,” मी म्हणाले.

“यातलं आणखी काय काय माहीत नव्हतं? खरं कुठलं नि खोटं कुठलं, खुणा करून द्या. पाठ झालंय मला सगळं. आता ते डोक्यातनं काढायचं कसं?” एवढं बोलून ती जिना उतरून गेली.

लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. त्याआधी मी लाजेबद्दल नुसतं ऐकून होते. वर्गातल्या बायकांना मी डोकं दुखतंय सांगून परत पाठवलं आणि वही घेऊन गावातल्या जुन्या वाचनालयात गेले. तिथे शब्दांच्या व्युत्पत्तीचा मोठा इंग्रजी कोश होता, अख्खा, एपासून झेडपर्यंत. म्हणजे इतकी वर्षं तो तिथे होता, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, आणि मला जाऊन बघायची बुद्धी झाली नव्हती. कारण टाळ्या मिळत होत्या ना!

तीन दिवस मी रोज जाऊन बसले. वहीतल्या प्रत्येक शब्दापुढे खरा असेल तर हिरवी खूण, खोटा असेल तर लाल. क्यूपर्यंतचे शब्द हिरवेगार. पुढे रक्तबंबाळ. अंब्रेला म्हणजे छोटी सावली. टेबल म्हणजे फळी. व्हेजिटेबल म्हणजे जोम धरणारं. विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. वाऱ्याचा डोळा! याहून सुंदर काही असू शकतं का, सांगा. आणि मी तिला विनदार म्हणून मोकळी झाले होते. प्रत्येक ठिकाणी खरं माझ्या थापेपेक्षा चांगलं होतं, याचा मला इतका राग आला की ग्रंथपालांनी दोनदा वर मान करून बघितलं.

स्कूल मी शेवटी काढला. धीरच होत नव्हता. ग्रीक शब्द. अर्थ, फुरसत. मोकळा वेळ. ज्यांच्या मागे कामाची घाई नाही त्यांनी बसून विचार करावा, बोलावं, शिकावं; ती फुरसत म्हणजेच स्कूल.

मी कोश मिटला आणि तिथेच बसून राहिले. पहाटे तीनला उठणाऱ्या बाईला मी याच शब्दाची थाप मारून मुलाखतीला पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या शाळेत गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी दारात स्वतःची चूक सांगायला गेले असेन. शिपायाने तासभर बाकावर बसवलं. मी तासभर मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होते आणि आत गेल्यावर सगळं मराठीतच बोलले. प्राचार्या करड्या केसांच्या, जाड भिंगांचा चष्मा. मी म्हटलं, “तीन-चार दिवसांपूर्वी एक बाई आल्या होत्या, फुलशेती करणाऱ्या. स्कूल शब्दाबद्दल त्या जे बोलल्या ते मी शिकवलं होतं. मी बनवून सांगितलं होतं. त्यात त्यांचा काही दोष नाही. त्याची शिक्षा त्यांच्या मुलीला नको.”

त्यांनी चष्मा काढला. “शिक्षा? अहो, तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी पालक मला शब्दाची गोष्ट सांगत होते. त्या आनंदाने हसू आलं. पण मी हसायला नको होतं. त्यांचा चेहरा उतरला ते मी पाहिलं.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “मी त्यांना खरा अर्थ सांगितला. त्यावर त्या काय म्हणाल्या, ते सांगितलं नाही का त्यांनी तुम्हाला?”

“नाही.”

“मी म्हटलं, स्कूल मीन्स लेझर, फुरसत. त्यावर त्या म्हणाल्या, इंग्रजीतच बरं का, तुटकं, पण इंग्रजीत: मग ती माझ्या मुलीला द्या, मॅडम. आमच्या घरात कुणाकडेच नाही.”

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. “यादी सोमवारी लागेल,” एवढंच म्हणाल्या आणि चष्मा चढवून कागदांकडे वळल्या.

सोमवारी यादी लागली. फाटकाजवळच्या फळ्यावर मी स्वतः जाऊन पाहिली, अगदी आईबापांच्या गर्दीत घुसून, कोपरं मारत. वरून सातवं नाव तिच्या मुलीचं. शेजारच्या एका अनोळखी गृहस्थांचा हात धरून मी “झालं, झालं!” म्हणून ओरडले. त्यांना वाटलं मी आजी आहे. माझं वय तेव्हा एकोणचाळीस. असो.

त्याच दुपारी ती वर्गात आली. टोपलीत फुलं, वर कागदात बांधलेले पेढे. बायकांनी गलका केला, पेढे संपले, खाली गिरणी सुरू झाली. मी तिच्या बाकाजवळ गेले आणि वही तिच्या हातात दिली. तिने पानं उलटली. लाल खुणा पाहिल्या. प्रत्येक लाल खुणेखाली मी खरा अर्थ लिहिला होता, माझ्या बऱ्यातल्या बऱ्या अक्षरात. ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली.

“मी शाळेत गेले होते,” मी गिरणीच्या आवाजात ओरडून सांगितलं. “तू तिथे काय बोललीस ते कळलं मला. अगं, इतकं चांगलं बोललीस, मग मला का नाही सांगितलंस त्या दिवशी?”

तिने वही मिटली आणि टोपलीच्या बाजूला ठेवली.

“वही तुम्हाला तपासायला दिली होती, मॅडम,” ती म्हणाली. “ते वाक्य मला कुणाकडून तपासून घ्यायचं नव्हतं.”